दरडीचं गणित: महाड-पोलादपूरच्या डोंगरांवरून शास्त्रज्ञ नेमके कशावर भांडतात?

२२ जुलै २०२१. सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं होतं, बाजारपेठ बुडाली होती, मोबाईल बंद पडले होते. त्याच दिवशी दुपारनंतर महाड तालुक्यातल्या तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर उतरला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. रस्ते पाण्याखाली असल्यामुळे मोठी मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही त्याच पावसात दरडी कोसळल्या, तिथेही माणसं दगावली.

या भागाला हे नवं नव्हतं. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी आल्या होत्या आणि दीडशेहून अधिक लोकांचा जीव गेला होता.

दर वेळी अशी घटना घडली की व्हॉट्सॲपवर तीन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. पहिला, "गाडगीळांचं ऐकलं असतं तर हे झालं नसतं." दुसरा, "एवढा पाऊस पडल्यावर कोण काय करणार?" आणि तिसरा, "चंद्रावर यान जातं, मग कुठला डोंगर पडणार हे सांगता येत नाही?"

तिन्ही मेसेज लिहिणाऱ्यांना आपण विज्ञानाच्या बाजूने बोलतोय असंच वाटत असतं. गंमत म्हणजे या तिन्ही प्रश्नांवर खुद्द संशोधकांमध्ये मतभेद आहेत. पण ते मतभेद मेसेजमध्ये दिसतात तसे नाहीत.

कॉलेजच्या वर्गात हा वाद का शिकवावा?

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी छोटे चर्चावर्ग असतात. हार्वर्डमध्ये ही पद्धत १९५९ पासून चालू आहे. पंधरा-वीस मुलं, एक प्राध्यापक, एक वादाचा विषय. पाठ्यपुस्तकात शास्त्र तयार होऊन येतं. या वर्गात ते अर्धवट शिजलेलं असतानाच समोर ठेवलं जातं. दोन अभ्यासक एकाच आकडेवारीवरून उलट निष्कर्ष कसे काढतात, हे मुलांनी स्वतः तपासायचं असतं.

महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त नसलेल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झालं. मुख्य विषयाबरोबर इतर शाखेतला विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली अशा छोट्या क्रेडिटच्या विषयांची भर पडली. महाडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयापासून पोलादपूरच्या सुंदरराव मोरे महाविद्यालयापर्यंत मुंबई विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत आता कला शाखेच्या मुलाला विज्ञानाचा आणि विज्ञानाच्या मुलीला समाजशास्त्राचा तुकडा घ्यावा लागतो. म्हणजे असा चर्चावर्ग घ्यायला वेळापत्रकात जागा आहे. विषय शोधायलाही लांब जायला नको, तो खिडकीतून दिसतो.

या धोरणाचा मसुदा ज्या समितीने केला, तिचे अध्यक्ष होते अंतराळशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन. पश्चिम घाटाचा जो वाद या लेखात पुढे येणार आहे, त्यातली दुसरी बाजूही त्यांचीच.

आधी एक संपलेला वाद

सगळेच वाद सारखे नसतात. काही वाद निकालात काढता येतात, आणि त्याचं मराठी मुलखातलं चांगलं उदाहरण म्हणजे जयंत नारळीकरांनी घेतलेली फलज्योतिषाची चाचणी.

२००८ मध्ये पुण्यात नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. त्यांपैकी १०० मुलं अभ्यासात हुशार होती आणि १०० मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण निघालं सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० टक्क्यांच्या आसपास आलं असतं. एका ज्योतिष संस्थेने सर्वच्या सर्व २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरं बरोबर आली.

इथे प्रश्न स्पष्ट होता, उत्तर आधीच लिफाफ्यात बंद होतं आणि तुलनेसाठी नाणेफेक होती. म्हणून निकाल लागला.

दरडीच्या बाबतीत यातलं जवळजवळ काहीच हाताशी नसतं. एकच डोंगर दोनदा कोसळवून पाहता येत नाही. जिथे झाडं तोडली तिथे न तोडलेला अगदी तसाच दुसरा डोंगर शेजारी उभा नसतो. त्यामुळे इथला वाद "खरं की खोटं" असा नसून "किती, कुठे आणि कोणत्या मापाने" असा आहे.

किती पाऊस झाला की दरड पडते?

सुरुवात सगळ्यात सरळ वाटणाऱ्या प्रश्नापासून करू.

१९८० मध्ये नेल केन या भूगोलशास्त्रज्ञाने जगभरातल्या ७३ घटनांची माहिती एकत्र केली. किती वेळ, किती जोरात पाऊस पडल्यावर उथळ दरडी कोसळल्या हे आलेखावर मांडलं आणि सगळ्या ठिपक्यांच्या खालून एक रेषा काढली. तिचं सूत्र प्रसिद्ध आहे: पावसाचा ताशी जोर मिलिमीटरमध्ये धरला, तर तो बरोबर १४.८२ गुणिले कालावधीचा (तासांत) उणे ०.३९ वा घात.

बारावीपर्यंतचं गणित झालेल्या कुणालाही हे कॅल्क्युलेटरवर करता येतं. कालावधी २४ तास धरला तर उत्तर येतं ताशी सुमारे ४.३ मिलिमीटर, म्हणजे दिवसाला साधारण १०३ मिलिमीटर. दोन दिवस सलग धरले तर एकूण १५७ च्या आसपास.

आता हा आकडा महाडच्या माणसाला सांगून बघा. तो हसेल. भारतीय हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार' पाऊस म्हणतं. घाटमाथ्याला लागून असलेल्या या पट्ट्यात जुलैत शंभरीचा पाऊस ही बातमीच नसते. केनच्या रेषेवर अलार्म लावला तर तो पावसाळाभर वाजत राहील.

मग केन चुकला का? नाही. त्याची रेषा सांगते की "याच्या खाली दरड पडल्याचं सहसा दिसत नाही." आपण ती वाचतो "याच्या वर गेलं की दरड पडते" अशी. दोन्ही वाक्यं सारखी वाटतात, पण तर्कशास्त्रात ती वेगळी आहेत. पाऊस नसेल तर छत्री उघडत नाही, याचा अर्थ पाऊस पडला की प्रत्येक जण छत्री उघडतो असा होत नाही.

पुढच्या संशोधकांनी यावर बरीच भांडणं केली. एका गटाचं म्हणणं, मिलिमीटर हे मापच चुकीचं. त्या जागेच्या वार्षिक पावसाच्या किती टक्के पाऊस एका दिवसात पडला हे बघा. कारण डोंगराचे उतार, ओढे, मातीची जाडी हे सगळं हजारो वर्षांत तिथल्या नेहमीच्या पावसाशी जुळवून घेतं. राजस्थानात १०० मिलिमीटर म्हणजे कहर, पोलादपुरात तो एक मंगळवार. दुसरा गट म्हणतो, त्या दिवसाचा पाऊस एकटा बघून उपयोग नाही. आधीच्या पंधरा-वीस दिवसांत माती किती भिजली होती ते बघा. दरडी जून संपताना कमी आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जास्त का पडतात, याचं उत्तर दुसऱ्या गटाकडे बरं सापडतं. २००५, २०१४ चं माळीण, २०२१ आणि २०२३ ची इर्शाळवाडी या चारही घटना १९ ते ३० जुलैच्या दरम्यानच्या आहेत.

२०२१ चा पाऊस मात्र कोणत्याही मापाने असाधारण होता. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सावित्री उगम पावते ती महाबळेश्वरला, आणि पोलादपूरवरून महाडकडे येते.

डोंगराच्या पोटात काय होतं?

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. काळा बेसाल्ट, मध्येच लालसर मातकट थर, वर कुजलेला मुरूम आणि माती. मूळ खडक मजबूत असतो. घसरतं ते वरचं पांघरूण.

उतारावरच्या मातीवर दोन बलं काम करतात. गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढतं; घर्षण आणि मातीचा चिकटपणा तिला धरून ठेवतात. धरून ठेवणाऱ्या बलाला ओढणाऱ्या बलाने भागलं की जो आकडा येतो त्याला सुरक्षितता गुणक म्हणतात. तो एकाच्या वर असेल तोवर डोंगर उभा, एकाच्या खाली गेला की खाली.

पाणी या अपूर्णांकाच्या दोन्ही बाजूंवर घाव घालतं. माती भिजून जड होते, म्हणजे ओढणारं बल वाढतं. आणि मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी भरून त्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर तितके घट्ट टेकत नाहीत, घर्षण कमी होतं. खाली पाणी न मुरणारा खडक असेल तर त्याच्यावर पाण्याचा थर साचतो आणि वरचं सगळं त्यावरून सरकतं. दरडीआधी अचानक नवे झरे फुटणं, विहिरीचं किंवा ओढ्याचं पाणी गढूळ होणं, जमिनीला भेगा पडणं, झाडं-खांब कलणं ही लक्षणं यातूनच येतात.

सूत्र ठरलेलं आहे, त्यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो त्यात घालायच्या आकड्यांवर. मातीची जाडी किती, पाणी किती झिरपतं, चिकटपणा किती, हे प्रत्येक शंभर पावलांवर बदलतं. सगळ्या सह्याद्रीत भोकं पाडून कोण मोजणार? चांद्रयानाची कक्षा काढणं यापेक्षा सोपं, कारण तिथे लागणारे आकडे माहीत असतात.

झाडं तोडल्यामुळे, की पावसामुळे?

हा प्रश्न टीव्हीवर येतो तेव्हा दोन पाहुणे दोन टोकांना बसवलेले असतात.

एक बाजू म्हणते: मुळं माती धरून ठेवतात, ती गेली की माती सुटते. रस्त्यासाठी, घरासाठी, खाणीसाठी डोंगराचा पायथा कापला की वरच्या मातीचा टेकूच जातो. पाणी वाहून नेणारे नैसर्गिक ओढे बुजवले की ते पाणी डोंगरात मुरतं. यातला प्रत्येक मुद्दा सुरक्षितता गुणकाच्या गणितात बसतो.

दुसरी बाजू म्हणते: मुळांची पकड साधारण वरच्या एक-दोन मीटरपर्यंतच असते. घसरणीचा पृष्ठभाग त्याहून खोल असेल तर झाडं मातीसकट खाली येतात. २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा वरच्या डोंगरावर ना मोठा रस्ता होता ना खाण. २७ मृतदेह सापडले, ५७ जण मातीखालीच राहिले.

माळीणच्या वेळीही हेच झालं. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या त्या गावात दीडशेच्या वर माणसं गेली. भातखाचरांसाठी डोंगरउतारावर यंत्रांनी केलेलं सपाटीकरण हे कारण अनेक कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी पुढे केलं. इतरांनी अतिवृष्टी आणि तिथल्या भूरचनेकडे बोट दाखवलं.

कोणती बाजू बरोबर, यापेक्षा दोन्ही बाजू सहसा कोणती चूक करतात हे बघण्यासारखं आहे. दोघंही फक्त कोसळलेले डोंगर बघतात. समजा, एखाद्या तालुक्यात कोसळलेल्या १०० उतारांपैकी ७० उतारांखालून रस्ता गेला आहे. रस्ता दोषी? पण न कोसळलेल्या उतारांपैकीही ७० टक्क्यांखालून रस्ता जात असेल तर या आकड्याला काही अर्थ उरत नाही. आणि न कोसळलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांखालूनच रस्ता असेल तर मात्र तो फार मोठा पुरावा आहे. न कोसळलेल्या डोंगरांची पाहणी करायला आपत्तीनंतर कुणाचंही पथक जात नाही. बातमीदारही जात नाहीत, हेही सांगून टाकायला हवं.

गाडगीळ आणि कस्तुरीरंगन: ६४ टक्के की ३७ टक्के?

आता त्या पहिल्या मेसेजकडे.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली २०१० मध्ये पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली गेली. तिने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. केंद्र सरकारने तो बरेच महिने लोकांसमोर आणला नाही. माहिती अधिकाराची लढाई होऊन मे २०१२ मध्ये तो खुला झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्याचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला.

बातम्यांमध्ये या दोन अहवालांचा सारांश दोन आकड्यांत मावतो: गाडगीळांनी ६४ टक्के घाट संवेदनशील म्हटला, कस्तुरीरंगन यांनी ३७ टक्के. वाचणाऱ्याला वाटतं की एकाच घाटातून दुसऱ्याने २७ टक्के कापले.

पण टक्केवारीत नेहमी विचारायचं असतं, कशाचे टक्के? गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचं क्षेत्र सुमारे १,२९,०३७ चौरस किलोमीटर धरलं होतं. कस्तुरीरंगन गटाने धरलं १,६४,२८० चौरस किलोमीटर. म्हणजे दोघांचा 'पश्चिम घाट'च वेगळा. दुसऱ्या गटाच्या ३७ टक्क्यांचे होतात सुमारे ६०,००० चौरस किलोमीटर. हेच क्षेत्र गाडगीळांच्या घाटात बसवून पाहिलं तर ते ४६ टक्क्यांच्या आसपास जाईल. फरक तरीही मोठा आहे, पण ६४ विरुद्ध ३७ इतका नाही.

पुढचा मुद्दा मापाच्या पट्टीचा. गाडगीळ समितीने घाटावर चौकटींची जाळी टाकली. एक चौकट साधारण ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटर, म्हणजे ८१ चौरस किलोमीटर. प्रत्येक चौकटीला तिथल्या वनस्पती, सस्तन प्राणी, जंगल, उंची, उतार, नदीकाठची झाडी अशा निकषांवर गुण दिले. त्या राज्यातल्या आधीच संरक्षित असलेल्या अभयारण्यांना किती गुण पडतात ते पाहिलं, आणि त्यांच्या तोडीच्या चौकटींना सर्वात कडक वर्गात टाकलं. शिवाय संरक्षित क्षेत्र आणि हा कडक वर्ग मिळून साधारण ६० टक्क्यांवर जाऊ नयेत अशी मर्यादाही स्वतःवर घालून घेतली. ही मर्यादा डोंगरातून आलेली नाही, ती समितीने ठरवलेली आहे. यात लपवाछपवी काही नाही, पद्धत अहवालात लिहिलेली आहे. पण 'विज्ञानाने सांगितलेले टक्के' यात माणसाचा निर्णय किती मिसळलेला असतो, हे इथे उघड दिसतं.

कस्तुरीरंगन गटाने उपग्रहाची २४ मीटरची चित्रं वापरली. २४ बाय २४ मीटर म्हणजे ५७६ चौरस मीटर, आपल्या हिशोबात पावणेसहा गुंठ्यांच्या आत. गाडगीळांच्या एका चौकटीत असे सुमारे १ लाख ४० हजार तुकडे बसतात. एवढ्या बारकाईने पाहिलं म्हणजे ते जास्त अचूक, असा या गटाच्या बाजूने युक्तिवाद झाला.

मात्र त्या बारीक तुकड्यांतून शेवटी यादी बनली ती गावांची. ज्या गावाचं २० टक्के किंवा त्याहून जास्त क्षेत्र संवेदनशील निघालं, ते अख्खं गाव यादीत. १९ टक्के असलं तर अख्खं गाव बाहेर. म्हणजे पावणेसहा गुंठ्यांत मोजलं आणि गावात गोळा केलं. या गटाने शेती, बागा आणि वस्ती असलेला भाग 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून वेगळा काढला आणि संवेदनशील क्षेत्र बहुतांशी नैसर्गिक भागात दाखवलं. गाडगीळांचा मुख्य आक्षेप इथेच होता. मे २०१३ मध्ये त्यांनी कस्तुरीरंगन यांना खुलं पत्र लिहून टीका केली. निसर्ग माणसाच्या वस्तीच्या कुंपणापाशी संपत नाही, आणि कोणतं क्षेत्र राखायचं हे ग्रामसभांना विचारून ठरवावं, ही त्यांची भूमिका होती. अहवाल स्थानिक भाषांत गावोगाव पोहोचवा, असंही ते सांगत राहिले.

उपग्रहाच्या चित्राला जंगल आणि कलमांची बाग यातला फरक कितपत कळतो, यावरही वाद झाला. हिरवं ते हिरवंच दिसतं.

या सगळ्यानंतर केंद्राने कस्तुरीरंगन अहवालाच्या आधारे मसुदा अधिसूचना काढली. पहिली मार्च २०१४ मध्ये, सहावी ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्या दिवशी. क्षेत्र सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचा वाटा सतरा हजारांहून जास्त. गावोगावी "आता घर दुरुस्त करता येणार नाही, जमीन विकता येणार नाही" असे मेसेज फिरले. मसुद्यात तसं नाही. चालू घरांची दुरुस्ती आणि जमिनीची मालकी बदलणं यांवर त्यात बंदी नाही. बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, अति प्रदूषणकारी उद्योग आणि २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं यांच्यावर. २० हजार चौरस मीटर म्हणजे सव्वादोन लाख चौरस फुटांच्या जवळपास. कुडाच्या घराला ओटा वाढवणाऱ्याचा यात संबंध येत नाही.

तर मग "गाडगीळांचं ऐकलं असतं तर तळीये वाचलं असतं" हे विधान कितपत टिकतं? तो नकाशा परिसराच्या संवेदनशीलतेचा होता. त्यात उतार आणि उंची हे निकष होते, पण कुठली वाडी कोसळेल हे सांगण्यासाठी तो बनवलेला नव्हता आणि ८१ चौरस किलोमीटरच्या चौकटीतून ते सांगताही येत नाही. डोंगरकापणी, खाणी आणि अवजड बांधकामं आवरली असती तर घाटातला एकूण धोका कमी झाला असता, असं म्हणायला आधार आहे. विशिष्ट वाडीबद्दल तसं म्हणायला नाही. गाडगीळांच्या बाजूने असणाऱ्यांनीच हा फरक पाळायला हवा, कारण विरोधक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

यादीत नाव असलं म्हणजे काय, आणि नसलं म्हणजे काय?

रायगड जिल्हा प्रशासनाच्या यादीत बरीच वर्षं दरडप्रवण गावं १०३ होती. त्यातली ४९ एकट्या महाड तालुक्यात आणि १५ पोलादपूरमध्ये. म्हणजे जिल्ह्यातल्या दर दहा धोकादायक गावांपैकी सहा या दोन तालुक्यांत. २०२१ आणि २०२३ नंतर पुन्हा पाहणी होऊन यादी वाढत गेली. इर्शाळवाडीचं नाव यादीत नव्हतं, हे सरकारनेच तेव्हा विधिमंडळात सांगितलं होतं.

यादी चुकली की लोक म्हणतात, शास्त्रज्ञांनी नीट काम केलं नाही. पण चांगल्यात चांगल्या यादीचंही एक गणित असतं.

समजा एका भागात १,००० वाड्या आहेत आणि एखाद्या वाईट पावसाळ्यात त्यातल्या ५ वर खरोखर दरड येणार आहे. समजा आपली पद्धत इतकी चांगली आहे की धोक्याच्या दर १० वाड्यांतल्या ८ ती बरोबर ओळखते, आणि सुरक्षित वाड्यांपैकी फक्त १० टक्क्यांना चुकून धोकादायक म्हणते. मग ५ पैकी ४ वाड्या पकडल्या जातील. उरलेल्या ९९५ सुरक्षित वाड्यांपैकी साधारण १०० चुकून यादीत येतील. यादी झाली १०४ वाड्यांची, त्यात खरोखर कोसळणाऱ्या ४. म्हणजे यादीतल्या प्रत्येक वाडीवर त्या वर्षी दरड येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. आणि एक वाडी यादीबाहेर राहूनही कोसळणार.

हे आकडे कल्पित आहेत, पण गणिताचा आकार खरा आहे. दुर्मीळ गोष्ट शोधताना चांगली चाचणीही बहुतेक वेळा 'लांडगा आला रे' करते. ही पद्धत आणखी कडक केली तर खोटे इशारे कमी होतात, पण सुटणाऱ्या वाड्या वाढतात. सैल केली तर उलट. मध्ये रेघ कुठे मारायची हे विज्ञान सांगत नाही. शंभर वाड्यांना विनाकारण हलवण्याची किंमत आणि एक वाडी गमावण्याची किंमत कुणीतरी तोलावी लागते.

ही किंमत वाडीतल्या माणसाच्या बाजूने अशी दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस येते: अतिवृष्टीत सुरक्षित जागी स्थलांतर करावं. सुरक्षित जागा म्हणजे शाळा नाहीतर समाजमंदिर. गुरं कुठे बांधायची? लावणी ऐन रंगात असताना शेत सोडून किती दिवस बसायचं? दोन-तीन वर्षं जाऊन परत आलं, डोंगर जागेवरच, की चौथ्या वर्षी घरातलं म्हातारं माणूस म्हणतं, तुम्ही जा, मी राहते. तिचा हिशोब चुकीचा म्हणता येत नाही. ९६ टक्के वेळा ती बरोबरच ठरणार असते.

म्हणूनच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे आणि प्रत्यक्ष इशारा यांच्यातली दरी बुजवणं हा सध्या खरा संशोधनाचा विषय आहे. राष्ट्रीय पातळीवरचे त्यांचे दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० या प्रमाणात आहेत. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. तीस-चाळीस घरांची वाडी त्यावर दोन-तीन मिलिमीटरच्या ठिपक्याएवढी. हा नकाशा तालुक्याचं नियोजन करायला उपयोगी पडतो. आज रात्री कुणी घर सोडावं हे सांगायला तो पुरत नाही.

त्यासाठी लागतो वाडीजवळचा पाऊस, तोही दर तासाचा. हवामान खात्याचा दैनंदिन आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजला जातो. संध्याकाळच्या चार तासांत तुफान कोसळलं आणि नंतर उघडलं, तरी दुसऱ्या दिवशी ते एकाच बेरजेत विरघळून जातं. पर्जन्यमापक बहुतेक तालुक्याच्या नाहीतर मंडळाच्या गावी, सखल भागात असतो; वाडी असते डोंगराच्या कुशीत, जिथे ढग अडतात. एकाच दिवशी दोन ठिकाणच्या पावसात किती फरक पडतो, हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सरळ भिंतीचं, सपाट बुडाचं भांडं, एक पट्टी, वही आणि दर तासाला उठून बघणारं कुणीतरी असलं की पुरतं. महाड आणि पोलादपूरच्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला बसणारी बरीचशी मुलं याच वाड्यांमधून एसटीने खाली येतात.